संगणकाशेजारच्या बाईचा पगार कोण देणार?

"शिकवायचं काम आता सॉफ्टवेअरच करतं, ताईंनी फक्त लक्ष ठेवायचं." हे वाक्य अलीकडे मी फार ठिकाणी ऐकते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ऐकते, देणगीदारांच्या माणसांकडून ऐकते, आणि शाळेत नवे संच बसवून नारळ फुटला की होणाऱ्या भाषणांत तर हमखास ऐकते. त्यातला 'फक्त' मला खटकतो. बाईच्या कामाला हा शब्द चिकटला की पुढे काय होतं, ते आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको. घरात ती फक्त स्वयंपाक करते, शेतात फक्त खुरपते, अंगणवाडीत फक्त मुलं सांभाळते. आणि जे 'फक्त' असतं त्याचे पैसे मागायचे नसतात.

आमचा गट एका औद्योगिक शहराच्या कडेच्या वस्तीत मुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. पाचवी ते नववीच्या तीसेक मुली, दोन ताई, बंद पडलेल्या बालवाडीची एक खोली आणि चार जुने संगणक. एका देणगीदार कंपनीनं आम्हाला वीस टॅब देऊ केले आहेत. नाव लिहीत नाही, कारण अशी ती एकटीच नाही. प्रस्ताव छान छापलेला होता. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, की पुढच्या वर्षापासून ताईंच्या मानधनाची तरतूद राहणार नाही, कारण शिकवण्याचा भाग आता यंत्रणेतच आहे. यावर गटात तीन बैठका झाल्या, आवाज चढले, एक मैत्रीण उठून गेली. माझी बाजू मी इथे मांडते आहे, कारण ज्यांच्या ज्यांच्या अभ्यासिका आहेत त्या सगळ्यांच्या दारात हा प्रस्ताव आज ना उद्या येणारच आहे.

आधी आपल्याच मैत्रिणींशी भांडते. 'कॉम्प्युटर म्हणजे बाजार, तो नकोच' असं म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. वर्गात साठ मुलं असतात आणि बाई सातवीचं पुस्तक शिकवत असतात, कारण त्यांना ते संपवायचं असतं. त्या साठांतल्या किती जणींना तिसरीची वजाबाकी येत नाही, हे बाईंना माहीत असूनही काही करता येत नाही. बावन्नातून सत्तावीस वजा करताना मुलगी पस्तीस लिहिते. का? कारण ती एककाच्या घरात सातातून दोन वजा करते, लहानातून मोठं जात नाही म्हणून आकडे उलटे करून मोकळी होते. चांगलं सॉफ्टवेअर पस्तीस हे उत्तर पाहून ओळखतं की हिला हातचा कळलेला नाही. मग ते तिला मागे नेतं, दशकाचे सुटे करायला लावतं, तसंच दुसरं उदाहरण देतं, पुन्हा चुकली तर पुन्हा देतं. ते वैतागत नाही. हसत नाही. 'तुझ्या थोरल्या बहिणीलाही काही येत नव्हतं' असं सगळ्या वर्गासमोर म्हणत नाही. आडनाव ऐकून त्याचा चेहरा बदलत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पारधी आणि मुसलमान मुलींपैकी काही जणी पहिल्यांदा चूक करायला धजावल्या त्या या पडद्यासमोर. ज्यांना वर्गात कधी अपमान सोसावा लागला नाही, त्यांनी या गोष्टीला क्षुल्लक म्हणू नये.

दिल्लीतल्या एका अभ्यासाचे आकडे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. 'माइंडस्पार्क' नावाचं सॉफ्टवेअर शाळा सुटल्यानंतरच्या केंद्रांत वापरलं जात होतं. सोडत काढून ६१९ मुलामुलींचे दोन गट पाडले होते. त्यात दिसलं की सहावीचं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर जातं. म्हणजे शाळा पुढे पुढे चालते आणि मूल आहे तिथेच उभं राहतं. साडेचार महिन्यांत केंद्रात जाणारी मुलं गणितात आणि हिंदीत न जाणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेली. तेव्हा यंत्र उपयोगाचं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या केंद्रातल्या दीड तासाची विभागणी पाहा: ४५ मिनिटं संगणक, आणि ४५ मिनिटं लहान गटाला शिकवणारं एक माणूस. संशोधकांच्या मते फायद्याचा मोठा वाटा यंत्राचाच असावा. असेल. पण माणूस काढून टाकून पाहिलं आणि तरीही तेवढाच फायदा झाला, असं त्या अभ्यासात कुठेही नाही. देणगीदाराच्या पुस्तिकेत मात्र पहिली ४५ मिनिटं येतात आणि दुसरी गळून पडतात.

आता बडोद्याची गोष्ट. ही आपल्या चळवळीत घरोघर माहीत असायला हवी होती. २००० साली गुजरात सरकारनं बडोदा शहरातल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेनं पाहणी केली तेव्हा प्राथमिकच्या मुलांनी ते फारसे वापरलेलेच नव्हते. पुष्कळ तर खोक्यातच होते, कारण ते चालवणारं कुणी नव्हतं. मग 'प्रथम'नं वस्तीतलीच माणसं घेतली, त्यांना पाच दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, दोघांत एक संगणक असं बसवून गणिताचे खेळ सुरू केले. एक तास शाळेच्या वेळेत, एक तास शाळेआधी किंवा नंतर. सगळं गुजरातीत. गणितात फरक पडला, आणि चांगलाच पडला. तोच संगणक, तीच मुलं. मधल्या काळात नवीन काय आलं होतं? शेजारी उभं राहणारं माणूस.

याच संस्थेचा याच काळातला दुसरा उपक्रम म्हणजे बालसखी. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट रोज दोन तास बाजूला घेऊन त्यांना वाचन आणि अंक शिकवणारी वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला ५०० ते ७५० रुपये. दोन्ही उपक्रमांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या प्रयोगांच्या कामासाठी. संशोधक ज्या मापात मोजतात त्यात दुसऱ्या वर्षी बालसखीचा परिणाम भाषा आणि गणित मिळून ०.२८ भरला, कॉम्प्युटरचा फक्त गणितात ०.४७. भाषेत कॉम्प्युटरचा काही परिणाम नव्हता. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात दोन्हींचा फायदा बराच ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे.

पण मला बोलायचं आहे ते पुढच्या हिशेबाबद्दल. मुलामागे वर्षाला खर्च किती? कॉम्प्युटरचा ७२२ रुपये, बालसखीचा १०७. निष्कर्ष असा, की खर्चाच्या मानानं बालसखी कितीतरी जास्त किफायतशीर आहे.

मैत्रिणींनो, जरा थांबा इथे. हा निष्कर्ष वाचून आपल्यातल्या काही जणींना आनंद झाला होता. बघा, यंत्रापेक्षा बाई बरी! मला आनंद झाला नाही. कॉम्प्युटर महाग का पडला? कारण त्याची किंमत बाजारात ठरली होती, आणि पाच वर्षांत तो झिजणार म्हणून ती झीज हिशेबात धरली होती. बाई स्वस्त का पडली? कारण तिची किंमत कुणी ठरवलीच नव्हती. तिला 'मानधन' होतं. तिची झीज कुठल्याही रकान्यात नव्हती. रोज दोन तास वर्ग, त्याआधीची तयारी, मुलांच्या घरी जाऊन आयांशी बोलणं, हे सगळं १०७ रुपयांत बसलं, कारण ती वस्तीतली होती, बाई होती आणि तिच्यापुढे दुसरं काम नव्हतं. याला किफायत म्हणतात? ही तर स्वस्त मजुरी झाली. त्या बालसखीला जगण्यापुरता पगार दिला असता तर तो आकडा काय झाला असता, ते कागद-पेन्सिल घेऊन कुणीही काढून बघावं.

त्याच निबंधात आणखी एक वाक्य आहे. बालसख्या सरासरी एकच वर्ष टिकतात, बहुधा लग्न होईपर्यंत किंवा दुसरी नोकरी मिळेपर्यंत. संशोधकांना यातून हे दाखवायचं होतं, की उपक्रमाचं यश एखाद-दुसऱ्या जिद्दी व्यक्तीवर अवलंबून नाही. त्यांच्या कामाच्या दृष्टीनं मुद्दा बरोबरच आहे. मी मात्र ते वाक्य वाचते आणि मला त्या मुली दिसतात. एक वर्ष कुणाला तरी वाचायला शिकवलं, मग स्थळ आलं. संगणक बिघडला तर दुरुस्तीचं कंत्राट असतं. ताई सोडून गेली तर दुसरी ताई मिळते.

'ताई' या शब्दाबद्दलही बोलूया. आपल्या शाळेत शिक्षिकेला 'बाई' म्हणतात, आणि बाईंना पगार असतो, रजा असते, पेन्शनसाठी भांडता येतं. अंगणवाडीत, बालवाडीत, अभ्यासिकेत तिची 'ताई' होते. नातं जोडलं की हिशेब विचारायची लाज वाटते, ही आपल्या समाजाची जुनी युक्ती आहे. आता कॉम्प्युटरच्या खोलीत तिला नवं नाव मिळालं आहे, 'सुलभक'. शिकवणारं यंत्र, ही नुसती सुलभ करणारी. नाव बदललं की हुद्दा उतरतो, हुद्दा उतरला की मानधन उतरतं, आणि आमच्या प्रस्तावाप्रमाणे शेवटी ते शून्यावर येतं.

ती 'फक्त लक्ष ठेवते' म्हणजे काय करते, ते मी आमच्या खोलीतलं सांगते. संध्याकाळी पाचला दार उघडायचं. पाणी त्याच वेळी येतं, त्यामुळे निम्म्या मुली साडेपाचनंतर येतात. त्या आल्या की त्यांची पाळी मागे पडू नये हे बघायचं. भाऊ सोबत पाठवलेले असतात, ते माऊस हिसकावतात, त्यांना बाहेर बसवायचं. एकीचा पडदा 'शाबास' म्हणत असतो, पण ती अंदाजानं बोटं मारत असते. तिला वहीत करायला लावायचं. एकीनं आठवडाभर एकही उदाहरण सोडवलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या अहवालात तिच्या नावापुढे 'निष्क्रिय' असं लिहून येतं. ताईला माहीत असतं की घरी तिला बघायला पाहुणे येऊन गेले आहेत. ती रात्री त्या घरी जाते. त्या मुलीची नववी वाचली ती तिथे, पडद्यावर नव्हे.

'वाढीव वेळ' आणि 'बदली वेळ' यांतला फरकही धोरण ठरवणाऱ्यांच्या डोक्यात बसवायला हवा. ली लिंडन या संशोधकानं गुजरातमधल्या 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत गणिताच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास केला. त्याचा निबंध २००८ चा आहे. एका गटात मुलांना नेहमीच्या वर्गातून उठवून संगणकासमोर बसवलं; दुसऱ्या गटात शाळेच्या वेळेबाहेर जादा तास दिला. सॉफ्टवेअर एकच. जादा तास मिळालेली मुलं पुढे गेली. वर्गातून उठवलेली मुलं मागे पडली, आणि थोडीथोडकी नाही. 'ज्ञानशाला'च्या साध्या खोलीत चालणारं शिकवणं इतकं नीट बांधलेलं होतं, की त्यातला तास काढून यंत्राला देणं म्हणजे मुलांचं नुकसान ठरलं. कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची भाषा महाराष्ट्रात होते आहे. अशा वेळी 'गावात शिक्षक नसला तरी पडदा आहे' हे उत्तर किती सोयीचं वाटेल, याची कल्पना करा. शाळा तीन-चार किलोमीटर लांब गेली की कुणाची शाळा आधी सुटते, हे आपण लिहायलाही नको.

मग घरी मोबाईलवर शिकू दे, असं कुणी म्हणेल. कुणाच्या मोबाईलवर? 'असर'च्या २०२१ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि तरीही त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. शिवाय फोन हातात आला म्हणजे वेळ हातात आला असं नाही. मुलगी फोन घेऊन कोपऱ्यात बसली की घरात पहिला प्रश्न 'कुणाशी बोलतेस?' हाच असतो. म्हणून मुलींसाठी यंत्र हवं ते शाळेत किंवा वस्तीतल्या खोलीत, ठरलेल्या वेळी, हक्काच्या पाळीनं.

आता नवी बुद्धिमान यंत्रं आली आहेत. ती गप्पा मारतात, मराठीतही बोलतात. तुर्कस्तानात जवळजवळ हजार शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. विचारेल ते उत्तर देणारं यंत्र सरावाला दिलं तेव्हा मुलांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग परीक्षेत ते काढून घेतलं, तर ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी कमी पडली. दुसऱ्या एका गटाच्या यंत्रात उत्तर न देता खुणा देण्याची सोय होती, तिथे हे नुकसान जवळजवळ टळलं. आणि त्या खुणा कशाच्या आधारे? शिक्षकांनी आधी बसून लिहून दिलेल्या मजकुराच्या. म्हणजे इथेही यंत्राच्या आत शिकवणारं माणूस बसलेलं आहेच, फक्त दिसत नाही.

आणि आत काय लिहिलं आहे हे तपासणार कोण? पाठ्यपुस्तकांतली चूल-मूल करणारी आई आणि पेपर वाचणारा बाप यांवर आपण वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, मोर्चे नेले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाप भाजी निवडताना दिसला. उशीर झाला, पण दिसला, कारण पत्र पाठवायला एक पत्ता होता. सॉफ्टवेअरमधल्या गणितांत अजूनही राजू दुकानात जातो आणि सीता लाडू वळते, त्याबद्दल पत्र कुठे पाठवायचं?

काम करणाऱ्या बाया यंत्राच्या विरोधात नसतात, हे अंगणवाडीच्या ताईंनी दाखवून दिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांनी सरकारी मोबाईल परत केले, ते फोन नको म्हणून नव्हे. फोन निकृष्ट होते आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत होता. चालणारा फोन द्या आणि आमच्या भाषेत द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

आमच्या गटानं कंपनीला उत्तर लिहायला घेतलं आहे. टॅब आम्हाला हवे आहेत. पण वीस नकोत, बारा पुरतील; उरलेल्या पैशांतून दोन्ही ताईंना किमान वेतनाच्या दरानं पगार द्या, आणि करारात त्यांचा हुद्दा 'शिक्षिका' असा लिहा. यंत्राच्या खर्चाच्या रकान्याशेजारी त्यांच्या पगाराचा रकाना असेल आणि दोन्ही एकाच वर्षांसाठी मंजूर होतील. अहवालात मुलीच्या नावापुढे काय लिहून जातं ते आधी ताई वाचेल. तिला खोडता येईल. कंपनी हे मान्य करेल असं मला फारसं वाटत नाही. गटातल्या दोघींचं म्हणणं आहे की मी हट्टानं मुलींचे टॅब घालवते आहे. त्यांचं म्हणणं पुढच्या अंकात यावं, मी आग्रहानं त्यांना लिहायला सांगितलं आहे.

तोवर ज्या गटांच्या अभ्यासिका चालू आहेत त्यांनी एवढं करावं. महिनाभर एक वही ठेवा. ताईनं रोज किती वाजता दार उघडलं, पडद्याशेजारी काय काय केलं, कुणाच्या घरी गेली, किती वाजता परतली, आणि त्या महिन्याचे तिच्या हातात किती रुपये पडले, एवढंच लिहा. वही आमच्याकडे पाठवा. मराठी, हिंदी, उर्दू, हातानं लिहिलेली, कशीही चालेल. नावं बदलून पाठवलीत तरी चालेल, आकडे मात्र बदलू नका.